पहिल्या नंबरची टेकडी

जनसुनावणीच्या सकाळी पवनचक्क्यांच्या इंजिनिअरनं तक्ता उघडला आणि त्याला आपली चूक दिसली. वारा किती, रस्ता किती जवळ, लोकांचा विरोध किती, अशा प्रत्येक बाबीला गुण देऊन त्यानं जागांचे नंबर लावले होते. जास्त वारा, जास्त गुण. पण त्यानं जास्त विरोधालाही जास्तच गुण दिले होते! म्हणून तर जिथली माणसं सर्वांत जास्त भांडली, ती सासूबाईंच्या घरामागची टेकडी पहिली आली होती. आणि निकाल जाहीर होऊन बसला होता.

दुपारी चोरासारखा तो सभागृहात शिरला. पहिल्याच रांगेत सासूबाई, ठेवणीतली शाल पांघरून.

"या जावईबापू! एकेकाला सरळ केलंय मी."

"म्हणजे?"

"दारोदार फिरले. म्हटलं, माझ्या जावयानं मोजून काढलंय, बघू कोण तोंड उघडतो ते!"

कोणी उघडलंही नाही. सर्वांत जास्त भांडलेला शेजारचा शिंपीसुद्धा छताकडे बघत होता.

इंजिनिअर उठला. "माझी चूक झाली. विरोधाचे गुण मी उलटे धरले. ही टेकडी पहिली नाही."

सासूबाईंचा चेहरा फुंकर घातलेल्या दिव्यासारखा विझला.

"अहो, मग सुलटे धरा की!" सुनावणी घेणारे साहेब खेकसले. "इथंच, सगळ्यांसमोर. विरोध कोणाचा? हात वर!"

शिंप्याचा हात उठू लागला. सासूबाईंनी नुसतं वळून पाहिलं. त्यानं त्याच हातानं डोकं खाजवलं.

विरोध नाहीच, म्हणजे आता पैकीच्या पैकी गुण. पडद्यावरच्या तक्त्यात टेकडी पुन्हा पहिली!

"बघा! माझा जावई चुकेल होय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

बाहेर सासूबाईंनी त्याची बाही धरली. आवाज एकदम मऊ. "एक विचारू? त्या पात्यांची सावली माझ्या स्वयंपाकघरात पडेल का हो?"

"पडेल, आई. संध्याकाळची."

"आणि आवाज?"

"तोही येईल. रात्रीसुद्धा."

टेकडीवर ऊन कलत होतं. त्या बघत राहिल्या. मग इकडंतिकडं पाहून पुटपुटल्या, "एक विरोध लिहून घ्या. पण माझ्या नावावर नको, लाज जाईल. शिंप्याच्या नावावर घाला. तसाही त्याचा हात वर येतच होता."