साळिंदराचं जिवंत घर

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका पोरांनो, तिथली झाडं अजून शाबूत आहेत, शिदोबा नावाचं साळिंदर राहायचं. त्याची बायको यमू. दोघांचं मातीचं बीळ होतं, चांगलं कोरडं आणि उबदार. पण शिदोबाला हल्ली त्याची लाज वाटायची.

एकदा तिथे वानरराव आले. घरं वाढवण्यातले मोठे तज्ज्ञ! स्वतः फांदीवर झोपायचे, ती गोष्ट वेगळी.

"माती मेलेली असते, शिदोबा," ते म्हणाले. "हल्ली घर कसं, जिवंत हवं!"

झालं! बीळ बुजवलं. भुशात अळंबी पेरली. पंधरा दिवसांत पांढऱ्याशुभ्र, मऊ भिंती उभ्या राहिल्या. चक्क श्वास घ्यायच्या हो! शिदोबा हरखून गेला. त्याने थाटात वास्तुशांत केली. हरणं येणार म्हणून दाराशी पाटी लावली, 'कृपया भिंती खाऊ नयेत.'

पण रात्री शिदोबा कूस बदलायचा आणि काटे खचाखच भिंतीत घुसायचे. आठवड्यात भिंतीची चाळण झाली.

वानररावांनी भिंतीला कान लावला. "घराला दुखतंय. काटे काढावे लागतील."

"कुणाचे?" यमूने विचारलं.

"तुमचेच, वहिनी. घराला कुठे आहेत?"

"आणि बिबट्या आला म्हणजे?"

"निसर्गावर विश्वास ठेवा."

"अहो, बिबट्या काय बाजारातून येतो?" यमू कडाडली.

शिदोबाने भिंतीवरून पंजा फिरवला. त्याचे डोळे भरून आले. "यमू, तुला मेलीला काळीजच नाही!"

यमू काट्यांसकट तडक माहेरी निघून गेली. शिदोबाला फार वाईट वाटलं. पण दुखणाईत घर एकटं कसं टाकायचं? त्याने बोंबलत बोंबलत एकेक काटा उपटला. शेवटी सोललेल्या फणसासारखा दिसायला लागला बिचारा.

संध्याकाळी दारात बिबट्या उभा! शिदोबा भिंतीपुढे आडवा होऊन म्हणाला, "भिंतीला नख लावू नका हं. जिवंत आहे."

बिबट्या सभ्य होता. त्याने भिंतीला नखसुद्धा लावलं नाही.

सकाळी वानरराव एका घोरपडीला घर दाखवत होते.

"आधीचे मालक कुठे गेले?" तिने विचारलं.

"ते निसर्गाशी एकरूप झाले," वानरराव म्हणाले. "आत या ना!"

तात्पर्य : घर जिवंत असलं म्हणजे झालं. मालक काय, दुसरा मिळतो.