पिवळ्या फुलांच्या लाखोलीची हकीकत

कुलदेवतेचे स्मरण करोन, घडिले तैसे लिहितो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाखमास. सातासमुद्रापार मक्याच्या मुलखांत, जेथे घरोघरची हिरवळ एकसारखी कापिली असे आणि रस्त्यावर माणूस दिसत नसे, ऐशा एका निवांत उपनगरीं राजश्री मंदारराव ताम्हनकर व त्यांची पत्नी सौभाग्यवती ऋजुताबाई भाड्याचे घरीं नांदत होतीं, आणि वर्षाचा करार सरत आला होता, आणि अंगणांत पिवळ्या रानफुलांनी बंड मांडिले. मग घरमालक मोटारींतून उतरोन गर्जले, "हे तण आहे! पुढच्या महिन्यात पुन्हा येईन. एक पिवळा ठिपका दिसला तर दुसरं घर बघा." ऐकोन ऋजुताबाई फार कष्टी जाहल्या, कारण दोनदा बिऱ्हाड हलविले होते आणि तिसऱ्यांदा त्राण नव्हते. मग मंदाररावांनी तणनाशकाचा फवारा आणिला, तों देवरुखाहून नुकत्याच दाखल जाहलेल्या मातोश्री सुलोचनाबाई आडव्या आल्या.

"अरे, मी विष्णूला लाखोली बोललेय. लाख फुलं वाहायची, आणि तू त्यांवर विष मारतोस?"

"अगं आई, तण आहे ते!"

"देवाला चालतं, घरमालकाला चालत नाही होय?"

मग मातोश्री रोज पहाटे पिशवी घेऊन निघत, आणि देवरुखची चाल ऐसी की शेजाऱ्याचे फूल तें देवाचे फूल, आणि त्या मुलखीं कुंपणेंच नव्हतीं, तेणें फारच सोय जाहली. आपले अंगण सरले की शेजारी डेलसाहेबांचे अंगण घेत.

"आई, पोलीस येतील हो!" ऋजुताबाई बोलिल्या.

"येऊ देत. प्रसाद देईन."

मग एके दिवशी घंटा वाजली आणि दारीं खुद्द डेलसाहेब उभे. मंदारराव माफी मागों लागले.

"माफी कसली? इतकी वर्षं फवारे मारतोय, एवढं साफ कधी झालं नाही. मागचं अंगण कधी घेणार, तेवढं विचारा."

मातोश्रींनी हुकूम केला, "सांग त्याला, फवारा बंद केलास तर येईन." डेलसाहेबांनी तह तात्काळ मान्य केला.

नेमिल्या दिवशीं घरमालक आले, आणि वांकोन गवत पाहिले, आणि चकित जाहले.

"कुठली कंपनी लावली?"

"सासूबाई," ऋजुताबाई वदल्या.

मग करार वाढवोन दिधला, मात्र पुढील वसंतींही अंगण ऐसेंच पाहिजे ऐसी अट घातली. ऋजुताबाईंनी मातोश्रींकडे पाहिले.

"आई, तुमचं परतीचं तिकीट पुढं ढकलू या?"

"ढकल. लाखोली निम्मीही झाली नाही. पण उद्यापासून मला गाडीने पलीकडच्या गल्लीत सोडायचं. इथली फुलं संपली."

एणेंप्रमाणे थेंबभर विष न वापरितां बंड मोडिले, घर राहिले, आणि मोहीम पुढील मुलखीं गेली. हकीकत इतकीच. वाचणारांचे बिऱ्हाड सुखरूप असो.