पांढऱ्या फुलांचा वाल

स्वतःच्या वाडीत चाळीस-एक दुधी लोंबत असताना जो माणूस भाईंदरच्या बाजारात उभा राहून "दुधी कसा दिला?" म्हणून घासाघीस करतो, त्याला तुम्ही काय म्हणाल? मी तर त्या दिवशी तोंडावरच म्हणाले, "मामा, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"बाई, ते खायचे न्हायत," इनासमामा म्हणाले. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांची नातवंडं शिजवायला मागितली होती. "ते बियाचे हायत."

इनासमामा आमच्या शाळेतले शिपाई. मी भाईंदर पूर्वेच्या त्या शाळेत मराठी शिकवते आणि मामांनी तिथे तीसेक वर्षं घंटा वाजवली. राहायला उत्तनला. घर लहान, पण मागे वाडी एवढी मोठी की आमच्या शाळेचं मैदान तिच्यात दोनदा बसेल. शाळेत ते आमच्यासारखं बोलायचे, पण विषय बियांचा निघाला की 'आहे'चं 'हाय' आणि 'नाही'चं 'न्हाय' व्हायचं. त्यामुळे ते बहुतेक वेळ हाय-न्हायच करत असायचे.

परीक्षा संपली की पुरवण्या बांधायचे उरलेले दोरे मामा खिशात घालून न्यायचे. आम्हाला वाटायचं, असेल गरिबाला काही काम. एकदा आम्ही सगळे शिक्षक त्यांच्या वाडीत जेवायला गेलो तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक वेलावरच्या पहिल्या देखण्या फळाच्या देठाला पुरवणीचा दोरा! दोरा बांधला की ते फळ बियासाठी राखलं, त्याला हात लावायचा नाही. मग दुसरं फळ पहिल्यापेक्षा गुटगुटीत निघतं, त्यालाही दोरा. मग तिसऱ्यानं काय घोडं मारलंय? असं करत करत दुधी, पडवळ, शिराळी, काकडी, सगळी वाडी परीक्षेला बसली होती. आणि आम्हाला जेवायला काय, तर बाजारातला फ्लॉवर.

"बाजारातलं पाकिटातलं बी का न्हाय लावत?" आमच्या विज्ञानाच्या सरांनी मुद्दाम खोडी काढली.

"ते बी एकदाच उगावतं सर. त्याच्या पोराला लावलं की तोंड फिरवतं." आणि मामांनी स्वतःच तोंड फिरवून दाखवलं.

स्वयंपाकघरात चुलीवरच्या वाशाला वाळके भोपळे टांगलेले. आतून पोकळ, तोंडाला लाकडी बूच. एकेका भोपळ्यात एकेका जातीचं बी, राखेत घोळवलेलं. पंचवीस-तीस भोपळे धुरानं काळेकुट्ट झालेले, वर जळमटं. मामा त्यांना नावानिशी ओळखायचे. "ही माझ्या आईची चवळी. हा शेजारच्या बस्त्यावचा लाल भोपळा. आणि हा आगनेसचा वाल." आगनेस म्हणजे त्यांची बायको, तेव्हा नुकतीच गेली होती. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून रुमालात बांधून हा वाल घेऊन आली होती. "मला वाल आवडत न्हाय," मामा म्हणाले. "पोटात वारा धरतो. पस्तीस वर्षांत एक शेंग खाल्ली न्हाय. पण लावायला लागतो."

मामा रिटायर झाले तेव्हा आम्ही रीतीप्रमाणे शाल-श्रीफळ दिलं. तर यांनी पिशवीतून पुड्या काढल्या! एकोणीस शिक्षक, एकोणीस पुड्या, प्रत्येकाला वेगळं बी, वर पुरवणीच्या दोऱ्याची गाठ. म्हणाले, "एका घरात सगळं ठेवायचं न्हाय. आमच्या गावात एकच बी चार घरांत असायचं. एकाचं गेलं की दुसऱ्याकडून आणायचं. आता त्या घरांचे बंगले झाले, तिथे लॉन लावतात. म्हणून तुमच्याकडे. मास्तर लोकांकडे दिलेली वस्तू हरवत न्हाय."

मला वाल मिळाला. आगनेसबाईंचा.

आता माझं घर सांगते. मीरा रोडला पूनम सागरमध्ये चौथा मजला, गॅलरीत वॉशिंग मशीन, वरून ग्रिल, ग्रिलवर कबुतरं. वाल लावणार कुठे, माझ्या डोक्यावर? पुडी शाळेच्या पर्समधून काढून कुठेतरी ठेवली आणि विसरले.

पहिल्याच रविवारी, चर्चमधली मिस्सा आटपून घरी आल्यावर मामांनी फोन केला. "बाई, पेरलं का?"

कुकरची तिसरी शिट्टी होत होती. मी म्हणाले, "हो हो, पेरलं." आणि झालं, अडकले.

पुढच्या रविवारी, "उगावलं का?" आता पेरलेलं उगवायला नको? उगवलं. मग दोन पानं आली, चार आली. वेल चढायला काहीतरी हवं म्हणून कपडे वाळत घालायच्या दोरीवर मी मांडव बांधला. कबुतरांनी शेंडे खुडले, मी जुन्या सीडी लटकवल्या. खालच्या मजल्यावरच्या शाहबेन "थोडी पापडी आम्हाला पण" म्हणायला लागल्या. अहो, त्या बिचाऱ्या शाहबेनना कशाचा पत्ता नाही! मी इतकी रंगून सांगायचे की फोन ठेवल्यावर एकदा खरंच पाण्याचा तांब्या घेऊन गॅलरीत गेले.

एका मे महिन्यात त्यांनी विचारलं, "फुलं?"

"आलीत ना! पांढरीशुभ्र."

मग म्हणाले, "पांढरी. बरं, बरं. वास येतो का?"

"मंद," मी म्हणाले. निर्लज्जपणाची कमालच ती.

तुम्ही म्हणाल, ही बाई शिक्षिका कसली! बरोबर आहे. पण खरं सांगू? माझे मिस्टर गेले आणि मुलगा बेंगळुरूला नोकरीला लागला, त्यानंतर रविवार फार मोठा वाटायचा. मामांचा फोन अकराला यायचा. मी साडेदहालाच भाजी चिरायला घेऊन फोनजवळ बसायचे आणि आज वेलाला काय काय होणार आहे ते ठरवायचे. अशी चार वर्षं गेली.

मग या जूनमध्ये फोन आला तो रविवारी नाही, मंगळवारी. आवाज बसलेला.

त्यांची मुलगी कॅनडाहून पंधरा दिवसांसाठी आली होती. बाबा एकटे राहतात, घर किती घाण झालंय म्हणून तिनं कंबर कसली. मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस दवाखान्यात होते, तेवढ्यात तिनं स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख केलं, भिंती रंगवून घेतल्या, आणि वाशाला लोंबणारे ते जळमटलेले काळे भोपळे कचऱ्याच्या गाडीत टाकले. उन्हाळ्यात वाडी रिकामी असते, वेल सगळे वाळून गेलेले. त्या वेळी अख्खी वाडी असते ती भोपळ्यांत.

"तुम्ही तिला काही बोललात का?" मी विचारलं.

"न्हाय. तिला वाटतंय बाबा खूश झाला. मी पण म्हटलं, किती उजेड पडला गो घरात." मग म्हणाले, "तुम्ही पण सांगू नका हां, तिचा फोनबिन आला तर. मायेनं केलं तिनं. आता मी मास्तर लोकांकडे फिरतोय. रविवारी तुमच्याकडे येतो. वेल बघतो, आणि मूठभर वाल घेऊन जातो."

रविवारला उरले चार दिवस, आणि गॅलरीत वॉशिंग मशीन!

शाळेत गेले तर सगळे शिक्षक तोंड लपवून फिरत होते. मामा आधीच त्यांच्याकडे जाऊन आले होते. विज्ञानाच्या सरांची पुडी घर बदलताना हरवलेली. गणिताच्या बाईंनी मामांच्या आईच्या चवळीची उसळ केली होती, वर "छान शिजली होती हो" असंही मामांना सांगितलं. एकट्या चित्रकलेच्या सरांनी त्यांच्या गावी लाल भोपळा खरोखर लावला होता, तेवढं बी मामांच्या हाती लागलं. बाकी सगळ्यांनी माझ्यासारखंच "हो, उगवलंय" म्हणून वेळ मारून नेली होती.

मी काय केलं असेल? सांगायला लाज वाटते. खाली वाण्याकडे जाऊन पाव किलो वाल घेतले. "अच्छे गलेंगे, मॅडम," तो म्हणाला. घरी येऊन त्यातले मूठभर कागदात बांधले आणि वर दोरा गुंडाळला. म्हाताऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, काय कळणार त्यांना? मग ती पुडी टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसले. मामा हे वाल आगनेसबाईंचे म्हणून लावतील, पाणी घालतील, दोरा बांधतील, आणि मरेपर्यंत जपतील. मला माझीच शिसारी आली. उठले आणि सगळं घर उलथंपालथं केलं. खरी पुडी सापडली ती माळ्यावर, निरोप समारंभाच्या फोटोच्या पिशवीत. गाठ तशीच.

रविवारी मामा आले. पांढरा शर्ट, काळा चष्मा, हातात छत्री. लिफ्ट बंद होती, चार मजले चढून आले होते. पाणीसुद्धा न घेता सरळ गॅलरीत गेले. वॉशिंग मशीन बघितलं. कबुतरं बघितली. मी पुडी त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी चष्मा काढला आणि गाठीवरून अंगठा फिरवला. "गाठ माझीच हाय," म्हणाले.

"मामा, मी लावलंच नाही हो," म्हणता म्हणता मी रडायलाच लागले. "चार वर्षं खोटं बोलले तुमच्याशी."

"ठाऊक हाय मला."

"काय?"

"बाई, आगनेसच्या वालाला फुलं जांभळी येतात. आणि ती थंडीत येतात. तुम्ही मे महिन्यात पांढरी फुलं आणलीत, वर वास पण आणलात."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग तुम्ही फोन का करत राहिलात?"

मामा खुर्चीवर बसले. "बाकीचे काय म्हणायचे? हाय, बरं हाय, ठेवू का? तुम्ही मांडव बांधलात, कबुतरं हाकललीत. मी डोळे मिटून ऐकायचो. आगनेस अशीच सांगायची, आज शेंडा इथवर गेला, आज मुंग्या चढल्या. ती गेल्यावर घरात वेलाचं कोण बोलतंय? भोपळ्यांशी मी बोलायचो, पण ते उत्तर देत न्हायत." मग हसले. "पण बी तुम्ही टाकलं नसेल, एवढी खात्री होती. मास्तर लोक टाकत न्हायत."

मी माळ्याबद्दल काही बोलले नाही.

पुडी सोडली. वाल बहुतेक किडलेले, भोकं पडून पीठ झालेलं. निवडून निवडून नऊ दाणे धड निघाले. मामांनी ते तळहातावर घेऊन पुन्हा पुन्हा मोजले. मग पाच स्वतःच्या रुमालात बांधले आणि चार माझ्यापुढे धरले.

"मला नका देऊ," मी म्हणाले. "माझ्यावर कसला विश्वास ठेवता?"

"एका घरात सगळं ठेवायचं न्हाय," मामा म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी रंगाच्या रिकाम्या डब्यात माती भरून चार दाणे लावले. या वेळी खरोखर लावले. मशीन सरकवलं, ग्रिलला जाळी बांधली, सकाळ-संध्याकाळ चमच्यानं पाणी घातलं. आठ दिवस झाले, पंधरा झाले. शेवटी बोटानं माती उकरून बघितली. चारही कुजले होते.

रविवारी अकराला फोन. "उगावलं का, बाई?"

"नाही मामा. एकही नाही." चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना फोनवर खरं सांगत होते. "तुमचं?"

मग म्हणाले, "हाय. उगावलं. पाचातलं एक."

मी देवासमोर साखर ठेवली. त्यानंतर दर रविवारी वेल वाढत गेला. पाऊस संपेपर्यंत मांडवावर चढला. मी म्हणायचे, येते बघायला, शाळा सुटल्यावर भाईंदरहून उत्तनची बस पकडते. तर मामा म्हणायचे, "आता नको, वाडीत चिखल हाय." मग म्हणाले, मुंग्या झाल्यात. मग म्हणाले, कुत्रा नवा पाळलाय, चावतो.

दिवाळीनंतरच्या रविवारी फोन आला. आवाज एकदम खुशीत. "बाई, वालाला फुलं आली."

"अगं बाई! खरंच? रंग कसा आहे?"

"पांढरी," मामा म्हणाले. "पांढरीशुभ्र."

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. आगनेसबाईंच्या वालाला पांढरी फुलं येत नाहीत, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ते विसरणारे नव्हते. पाचातला एकही दाणा उगवला नव्हता. चाळीस वर्षांचा वाल संपला होता, आणि मामा मला ते अशा रीतीनं सांगत होते, की फोन मात्र चालू राहावा.

डोळे पुसले आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वास येतो का, मामा?" मी विचारलं.

"मंद," ते म्हणाले. आणि आज वेलाचा शेंडा कुठवर गेला ते सविस्तर सांगायला लागले.