भिंगरीचे ब्याण्णव गुण

साहेब, तुम्ही एका पोरीचं घर अडवून ठेवलंय. हे तोंडावर सांगतो. मागून बोलायची मला सवय नाही.

प्रकरण साधं होतं. अनाथाश्रमात आठ वर्षांची एक मुलगी आहे. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. मागच्या गल्लीतल्या शिंप्याला आणि शिंपीणबाईंना ती लेक म्हणून हवी आहे आणि तिलाही तेच दोघे हवे आहेत. अर्ज दोन वर्षांपूर्वीचा. तेव्हा तिच्यासाठी शिवलेल्या फ्रॉकची दुमड शिंपीणबाईंनी आजवर तीनदा उसवून खाली सोडली. अर्ज मात्र तसूभर हलला नाही.

कारण तुमच्या खात्याचा नियम. मूल घरी द्यायचं की संस्थेत ठेवायचं, हे त्याच्या स्व-प्रतिमेवर ठरणार. म्हणजे मूल स्वतःला काय समजतं, याची शंभर गुणांची परीक्षा.

भिंगरी परीक्षेला बसली. प्रश्न होता, 'तू कोणासारखी आहेस?' तिनं लिहिलं, 'माझ्यासारखी. दुसरी शोधली, सापडली नाही.' ब्याण्णव गुण.

"अभिनंदन," तुम्ही शिंप्याला म्हणालात. "मुलीचं संस्थेत उत्तम चाललंय. हलवता येणार नाही."

"अहो, पण तिला घर हवंय."

"गरज दिसत नाही. गुण बघा की."

फेरपरीक्षेआधी शिंपीणबाईंनी डोकं चालवलं. "बाळा, या खेपेला जरा रडकं लिही."

"किती रडकं, मावशी?"

"घर मिळेल इतकं."

पोरीनं जीव ओतला. 'मी म्हणजे कोपऱ्यातली एकटी चप्पल.' अठरा गुण.

"अरेरे," तुम्ही म्हणालात. "इतकं खचलेलं मूल कुठलं घर पेलणार? आधी संस्थेत सावरू द्या."

"सावरली की द्याल?"

"सावरली तर घराची गरज काय?"

शिंप्यानं गळ्यातली टेप काढून तुमच्या टेबलावर ठेवली. "मग माप तुम्हीच सांगा, साहेब. किती गुण पडले म्हणजे पोरगी घरी येईल?"

"ते गोपनीय आहे."

मग वरून पत्र आलं: तुलनेसाठी घरात वाढणाऱ्या मुलाचे गुणही जोडा. तुम्ही छाती फुगवून स्वतःचे चिरंजीव बसवलेत. वय वर्षं दहा.

'तू कोण आहेस?' 'शेजारच्या मुलापेक्षा दोन टक्के कमी.'

'तुला काय आवडतं?' 'बाबांना विचारून सांगतो.'

अकरा गुण.

तुमचंच कलम नऊ सांगतं की घरातल्या मुलाचे गुण पस्तिसांखाली गेले, तर त्याला तातडीनं संस्थेत हलवावं. कोऱ्या आदेशांवर तुमच्या सह्या आधीच होत्या. कारकुनानं नाव भरलं, शिक्का मारला. कुणाचं मूल आहे हे बघणं त्याच्या कामात बसत नाही. तिसऱ्या दिवशी चिरंजीव दप्तरासकट आश्रमात.

रविवारी तुम्ही भेटीचा फॉर्म भरलात. नात्याच्या रकान्यात 'वडील' लिहिलंत. आश्रमाच्या अधीक्षिका म्हणाल्या, "पुरावा जोडा." तेवढ्यात चिरंजीव अंगणातून ओरडले, "बाबा, नंतर या. भिंगरी मला गिरक्या शिकवतेय."

महिन्यात त्याचे गुण चौसष्ट झाले. अर्थात, आता त्यालाही हलवता येणार नाही. आणि भिंगरीला तर मुळीच नाही. तिच्या सहवासानं इतरांचे गुण वाढतात, म्हणून तिची नोंद संस्थेच्या साधनसामग्रीत झाली आहे, पंखे आणि कपाटांच्या खाली.

साहेबांचाच मुलगा आश्रमात गेला ही बातमी फुटली आणि घरोघरी घाबरगुंडी उडाली. आठवड्यात शिकवणी निघाली: स्व-प्रतिमा, पस्तिसांच्या वर हमखास. साठ मुलं एका सुरात घोकू लागली, 'मी माझ्यासारखा आहे, दुसरा शोधला, सापडला नाही.'

वाचक हो, साहेबांना हसून झालं असेल तर इकडे बघा. त्या शिकवणीच्या रांगेत मी तुम्हाला पाहिलंय, पोराचं मनगट घट्ट धरून उभं असलेलं. रांग आश्रमाच्या फाटकापर्यंत गेली होती. फाटकाबाहेर शिंपीणबाई बसल्या होत्या, आत भिंगरी पाठमोरी, आणि बाई गजांतून हात घालून तिची वेणी घालत होत्या. तुम्ही वाकून विचारलंत, "बाई, ब्याण्णव मिळवणारी हीच का? हिची उत्तरं उतरवून मिळतील?"

ती घरी कधी जाणार, हे साहेबांच्या खिडकीवर जाऊन तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. का नाही विचारलं? उत्तर द्या.