कापूरहोळचा धनाजी आणि आमचा सेकंड गिअर

गाडीचं गिअर ऑइल या वेळी आपण स्वतः बदलायचं, असं मी एका शनिवारी सकाळी दात घासता घासता ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, धनाजीनं मला तिथवर ढकललं. तो बिचारा त्या वेळी पंधरा किलोमीटर लांब, कापूरहोळच्या फाट्यावर आपल्या गॅरेजात असणार. पण आमच्या भोरच्या घरात त्याचा मुक्काम कायम असतो. तो आमच्या सौ.च्या, म्हणजे मंगलच्या, जिभेवर राहतो.

"धनाजीभाऊंच्या हातात गाडी कशी लोण्यासारखी चालते!" हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकतो. भात नीट शिजला तर माझं कौतुक करायचा प्रश्नच नसतो, कारण भात तीच करते. पण नळ मी दुरुस्त केला तरी ती म्हणते, "धनाजीभाऊंनी वॉशर बदलला असता." (भाऊ म्हणते, त्यामुळे तसला संशय घ्यायची सोयच नाही. माझा मत्सर निव्वळ तांत्रिक आहे. पण जळतं तेवढंच.)

आमची गाडी सतरा वर्षांची. मीटरवर दोन लाख चौदा हजार किलोमीटर. मूळ रंग पांढरा होता, असं कागदपत्रांत लिहिलंय. मी शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे, आमच्या मुख्याध्यापकांनी नवी गाडी घेतली तेव्हा ही मला मिळाली. गाडीत दोष असा एकच, सेकंड गिअर. मी टाकायला गेलो की 'कर्रर्र' असा आवाज येतो, म्हाताऱ्या माणसाला झोपेतून उठवल्यासारखा. आणि तोच गिअर धनाजी दोन बोटांनी टाकतो! आवाज नाही, झटका नाही. वर माझ्याकडे बघून हसतो. मंगलही हसते. मी बाहेर बघतो.

आता प्रसंग असा होता, की दुसऱ्या दिवशी रविवारी हिर्डोशीला माझ्या मेव्हण्याच्या नव्या घराची घरभरणी होती. म्हणजे सासुरवाडी, शंभरभर पाहुणे आणि वर जायला चढाचा रस्ता. मंगलनं उन्हाळ्यात केलेल्या कुरडया खास पुठ्ठ्याच्या खोक्यात रचून ठेवल्या होत्या. आणि चहा देताना ती म्हणाली,

"अहो, चढावर जायच्या आधी गाडी एकदा धनाजीभाऊंना दाखवा."

"काय दाखवायचंय?"

"मागच्या वर्षी गाडी मागं आली होती, विसरलात?"

मी विसरलो नव्हतो. वरंध्याच्या रस्त्याला एका चढावर एसटीनं हॉर्न दिला, मी जरा गडबडलो आणि गाडी चार पावलं मागं आली. चार पावलंच! पण सासुरवाडीपर्यंत पोचता पोचता त्याची चाळीस पावलं झाली आणि सासूबाईंनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. तेव्हा या खेपेला सासूबाईंच्या दारात गाडी अशी नेऊन लावायची, की मंगलनं धनाजीचं नाव घेणंच सोडावं, हा माझा पण होता. माझी इज्जत पणाला लागली होती म्हणा ना.

मंगल बाजारात गेली आणि मी कामाला लागलो.

मोबाईलवर मी एक व्हिडिओ अर्धा बघितला होता. (पूर्ण बघायची मला सवय नाही. शाळेतली परिपत्रकंसुद्धा मी पहिल्या परिच्छेदावरूनच ओळखतो.) गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात. खालचा उघडला की जुनं तेल बाहेर येतं. वरचा, बाजूचा, उघडला की त्यातून नवं तेल भरायचं. साधी गोष्ट. आमच्या अंगणाच्या कडेला पाण्याचा चर आहे. त्यावर गाडी आडवी उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले आणि मी चरात उताणा झोपलो. अंगात जुना शर्ट, हातात पाना. त्या क्षणी मंगलनं मला बघायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

खालचा बोल्ट सुटला. तेल भळाभळा आलं. त्याखाली धरायला काही आणलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. मी ओरडत चरातून बाहेर आलो, स्वयंपाकघरात घुसलो आणि हाताला लागली ती परात उचलली. कणीक मळायची. पितळेची. मंगलच्या आईनं लग्नात दिलेली. अर्धं तेल चरानं प्यायलं, अर्धं परातीत पडलं.

मग मी वरच्या बोल्टकडे वळलो. तो काही हलेना. जोर लावला, हलेना. पान्याला पाइप लावून जोर केला, तरी हलेना. 'जय भवानी' म्हणून दोन्ही हातांनी जोर केला, तेव्हा मी हललो. बोल्ट तसाच.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की व्हिडिओच्या उरलेल्या अर्ध्या भागात काय असणार. आधी वरचा बोल्ट सुटतोय का बघायचं, मगच खालचा सोडायचा! नाहीतर जुनं तेल गेलं, नवं भरता येत नाही, आणि गाडी जागची हलवायची नाही. माझी गाडी आता चरावर आडवी, पोट रिकामं करून उभी होती. उद्या सकाळी सातला निघायचं होतं.

तेवढ्यात मंगल आली. तिला आधी माझे पाय दिसले, मग परात दिसली.

"माझी परात!"

"गाडीचं विचार ना!"

"गाडी तुमची आहे, परात माझ्या आईची आहे. काय केलंत?"

मी सगळं सांगितलं. तांत्रिक शब्द वापरून सांगितलं, म्हणजे चूक जरा कमी दिसते. ती खाली वाकून बघत म्हणाली, "फिरवताय कुठल्या बाजूला?" आणि एकदम गप्प झाली. तिला कशाला कळायचंय, म्हणून मीही लक्ष दिलं नाही.

"धनाजीभाऊंना फोन करा," ती म्हणाली.

"मरून जाईन, पण त्याला फोन करणार नाही."

"मग उद्या एसटीनं जाऊ. आई विचारेल, गाडी कुठाय. मी सांगेन."

मी फोन केला. पलीकडून आवाज आला, "बोला, क्लचसायेब!" या माणसानं मला हे नाव का दिलंय, ते मी कधी विचारलं नव्हतं. सायेब म्हणतोय ना, मग झालं.

पाऊण तासात धनाजी मोटारसायकलवरून हजर. इस्त्रीचा शर्ट! गॅरेजवाल्यानं इस्त्रीचा शर्ट घालायचं काय कारण? मंगलनं त्याला पोहे दिले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. मलाही पोहे मिळाले. कढईच्या तळाचे, खोबरं संपल्यावरचे. मी एकेक घास मोजून गिळला.

पोहे खाऊन धनाजी परातीपाशी बसला. तेलात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला.

"सायेब, ह्ये त्याल कुनी काडलं?"

"मी."

"का पर?"

"जुनं झालं होतं. म्हणूनच सेकंड गिअर वाजतो."

"जुनं?" त्यानं मंगलकडे बघितलं. मंगल पदराला नसलेला डाग पुसत होती. "आवं, ह्ये त्याल दिवाळीत बदललंय न्हवं का! ताईंनीच बदललं, सोताच्या हातानं. म्या नुसता बाजूला उबा व्हतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कुठल्या ताईंनी?"

"ह्याच की. आनि ह्यो वरचा बोल्ट बी ताईंनीच आवळलाय. असा आवळलाय, की माज्या हातानं सुटंल का न्हाई, मला बी शंका हाय. ताई, तुमीच खोला."

मंगलनं माझ्याकडे न बघता पदर खोचला, पाना घेतला, वाकली आणि म्हणाली, "तुम्ही झोपून उलट्या बाजूला फिरवताय. सोडवत नव्हता, आवळत होता." मग एक हिसका दिला. कट्ट. बोल्ट सुटला.

मी एवढा वेळ धनाजीवर जळत होतो. आता कुणावर जळायचं, तेच कळेना. सगळा मत्सर नव्यानं मांडायला लागला.

मग हळूहळू बाहेर आलं. वर्षभर दर बुधवारी मी शाळेत चालत गेलो, की मंगल गाडी काढायची आणि कापूरहोळला जायची. पंधरा जायचे, पंधरा यायचे. (मीटर मधेच तीस किलोमीटर पुढं गेलेला दिसायचा. मी समजत होतो, गाडी म्हातारी झालीय, मीटरही बहकला असेल.) लायसन तिच्याकडे होतं, पण चढाउताराला मी तिला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. धनाजीनं तिला चढावर गाडी कशी धरायची ते शिकवलं. क्लच पूर्ण दाबून, क्षणभर थांबून गिअर टाकायचा, मग पाय काढून बाजूला ठेवायचा, ते शिकवलं. तेल बदलायलाही शिकवलं. गुरुवारी सेकंड गिअर जरा नरम जायचा, ते श्रेय मी आजवर स्वतःकडे घेत आलो होतो.

"मला सांगायचंस की," मी म्हणालो. आवाज जरा बारीकच निघाला.

"सांगितलं असतं तर महिनाभर जेवताना तोंड पाडून बसला असतात." मग ती थांबली. "मागच्या वर्षी गाडी मागं आली ना, तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले होते. खाली दरी होती हो. पुन्हा डोळे मिटून बसायचं नव्हतं मला."

हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. चार पावलं, चार पावलं म्हणून मी वर्षभर चेष्टा करत होतो, आणि ही त्या चार पावलांत डोळे मिटून बसली होती.

नवं तेल भरून झालं. मी धनाजीला शेवटचं विचारलं, "मग सेकंड गिअर वाजतो कशानं?"

"गिअरबॉक्स लई गुनाचा हाय, सायेब. दोन लाख पळूनबी ठनठनीत. पर तुमचा डावा पाय सदानकदा क्लचवर. पाटावर ठिवल्यागत! क्लच प्लेट जळती, गिअर वाजतो. दोन प्लेटी घातल्या तुमाला. पायाचं औशद आपल्याकडं न्हाई." क्लचसायेब म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

रविवारी गाडी मंगलनं चालवली. मी डाव्या सीटवर बसलो. मागं साडीचे आहेर, फळांच्या करंड्या आणि पूजेचं सामान होतं, म्हणून कुरडयांचा खोका माझ्या पायाशी ठेवला. "सांभाळा हं," मंगल म्हणाली. सांभाळण्यात मी पटाईत आहे.

नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेनं आम्ही निघालो. खरं सांगतो, बाई गाडी सुंदर चालवत होती. सेकंड गिअर पडला तो मला कळलासुद्धा नाही. मागच्या वर्षीचा तो चढ आला. नेमकी तिथंच एसटी मागून हॉर्न द्यायला लागली. मंगलनं आरशात बघितलं, गिअर टाकला आणि गाडी सरळ वर. माझा जीव मात्र खालीवर होत होता. प्रत्येक वळणाला मी मनातल्या मनात गिअर बदलत होतो आणि जळत होतो. माझी बायको, माझी गाडी, आणि दोघींचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं!

हिर्डोशीला दारात गाडी अशी जाऊन लागली, की मांडवातली माणसं बघत राहिली. सासूबाई, म्हणजे सगुणाबाई, लेकीला स्टिअरिंगवर बघून धावत आल्या. तिची दृष्ट काढली. मग माझ्याकडे वळल्या.

"जावईबापू, आनल्या व्हय कुरडया?"

मी ऐटीत खोका पुढं केला. हातात घेताना तो जरा मऊ लागला. सासूबाईंनी झाकण उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आगं मंगल, ह्या शेवया कशाला आनल्यास? कुरडया आनते म्हनालीस न्हवं?"

मंगलनं आत डोकावलं. वीस वळणं, प्रत्येक वळणाला दोन गिअर. माझ्या डाव्या पायानं सगळ्या कुरडयांचा बारीक चुरा केला होता.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई," मंगल म्हणाली, "हे क्लच दाबत होते."

मांडवभर ही गोष्ट कशी पसरली ते मी सांगत नाही. संध्याकाळी निघताना सासूबाईंनी वानवळा म्हणून इंद्रायणी तांदळाचं पोतं दिलं. मी सवयीनं पुढचं दार उघडलं, तर मंगल म्हणाली, "तुम्ही मागं बसा."

मी मागं बसलो. पुढच्या सीटवर, माझ्या जागी, तांदळाचं पोतं बसलं. मंगलनं त्याला पट्टा लावला आणि जाताना प्रेमानं वरून थोपटलंसुद्धा. भोर येईपर्यंत ते पोतं चढाला गप्प होतं, उताराला गप्प होतं. त्याला डावा पाय नव्हता, आणि मला त्याचाही हेवा वाटत होता.