प्रेमनगरातली बीप

उपग्रहाच्या उड्डाणाच्या सकाळीच प्रेमनगरात वीज गेली आणि टीव्ही बंद पडला. पण विश्वंभररावांच्या गच्चीवर विद्यापीठाचा अँटेना होता आणि बॅटरीवर चालणारं यंत्रही. उड्डाणाची वेळ टळून तासभर झाला, तेव्हा ते यंत्र बोललं, "बीप... बीप..."

"बाबा, सिग्नल लागला!" बकुळ ओरडली. विद्यार्थ्यांना हाताशी धरून तिने हा डब्याएवढा उपग्रह बनवला होता. विद्यापीठाचा पहिलाच.

विश्वंभरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. उपग्रहाचं खोकं त्यांनीच बांधलं होतं. पॅकिंगच्या बाबतीत त्यांचा दुसऱ्या कुणावर भरवसाच नव्हता. त्यांनी शेजारच्या सक्सेनाजींना मिठी मारली. सक्सेनाजींनी पेढे मागवले. बकुळचा फोन सारखा वाजत होता. अभिनंदनाचे असतील म्हणून तिने उचललाच नाही.

तेवढ्यात वीज आली. टीव्हीवर बातमी होती : उड्डाण पुढे ढकललं.

"पर भाईसाहब, गया ही नहीं, तो बोल कौन रहा है?" सक्सेनाजींनी तोंडाशी नेलेला पेढा खाली ठेवला.

बकुळने अँटेना फिरवून पाहिला. आकाशाकडे आवाज बारीक, जिन्याकडे मोठा! सगळी वरात खाली दिवाणखान्यात आली. शोकेसमध्ये प्रदर्शनासाठी बनवलेला नमुना ठेवला होता. दिसायला हुबेहूब, आतून रिकामा. बीप त्यातूनच येत होती.

"आई, याला हात लावलास?"

"मघाशी धूळ पुसली बाई," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "ती लाल फीत उगाच लोंबत होती. ओढली, तर पिनेसकट हातात आली."

बकुळने तो उचलून पाहिला, तर चांगलाच जड! ती पिन काढली की उपग्रह चालू व्हायचा. खरा उपग्रह.

"बाबा, खोक्यात कुठला भरलात?"

"तू म्हणालीस तोच. उजवीकडचा."

"माझ्या उजवीकडचा!"

"तू समोर उभी होतीस. मी माझी उजवी बाजू धरली."

फोन पुन्हा वाजला. प्रक्षेपण केंद्रातले अधिकारी होते. "मैडम, सुबह से फोन लगा रहे हैं! आपके डिब्बे का वज़न ही नहीं भर रहा. उसी के चक्कर में रॉकेट खड़ा है!"

बकुळला रडू फुटलं. विश्वंभररावांनी मात्र खरा उपग्रह नव्या खोक्यात भरायला घेतला होता; दोरी आवळता आवळता ते थांबले.

"म्हणजे रॉकेट आपल्यासाठी थांबलंय?"

"हो ना, बाबा!"

"उभा जन्म रेल्वेत गेला," ते हळूच म्हणाले, "आपल्यासाठी साधी पॅसेंजर कधी थांबली नाही."