अंगठा ओळखणारे मल्लाप्पा

मल्लाप्पा खरादी माणसाचं नाव विचारत नसत. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्याचा उजवा अंगठा ते आपल्या चिमटीत धरत, डोळे मिटत आणि कापडाचा पोत बघावा तसा चोळत बसत. मग डोळे न उघडताच असं काहीतरी बोलत, की त्या माणसानं अंगठा ओढून घेऊन पुन्हा कुणाला दाखवू नये.

मी तेव्हा तुळजापूरच्या कचेरीत नक्कलनवीस होतो. निजामाचा अंमल, सगळं काम उर्दूत, आणि माझी उर्दू अशी की माझी नक्कल वाचल्यावर अस्सल कागदावरच लोकांना संशय यावा. मल्लाप्पांच्या भिंतीला भिंत लावून असलेली खोली मी भाड्यानं घेतली. आल्या आल्या कंदिलाची वात वरखाली करायची चावी माझ्या हातून मोडली, म्हणून त्यांच्याकडे गेलो. नाव सांगायला तोंड उघडलं, तोवर अंगठा त्यांच्या ताब्यात गेला होता.

"मुन्शी दिसता," ते म्हणाले. "पर लेखणी कमी धरता अन् तपकीर जास्त."

दुकानात आमच्या कचेरीचा चपराशी बसलेला होता. दुसऱ्या दिवसापासून साहेब मला बोलवायचे ते शिंकण्याचा आवाज काढून.

पण चावी त्यांनी केली ती बघत राहावी अशी. पायानं फिरवायचा छोटा खराद होता त्यांचा, सोलापूरच्या कुठल्याशा गिरणीच्या भंगारातून आणलेला. पितळेची कांडी त्यावर गरगर फिरायला लागली की ते दोन इवलीशी पोलादी चाकं तिच्या अंगाला दाबून धरत. चाकांवर तिरके दाते कोरलेले. पितळ किंचाळायचं. एखादं माणूस झोपेत दात खातं ना, तसा तो आवाज. चाकं बाजूला केली की गुळगुळीत पितळेवर बारीक, हिऱ्यासारखे दाणे उठलेले असत. बोट निसटू नये म्हणून करायची ही नक्षी. मल्लाप्पा तिला नुसतं 'दाणा' म्हणत. दाणा पडला की लगेच दुकानातला दिवा फुंकायचे आणि वस्तू माझ्या हातात द्यायचे.

"डोळा झाका. बोट सांगंल."

हे त्यांचं पालुपद. माझं बोट काही सांगत नसे. तरी मी मान डोलवायचो, अंधारात.

आता भीतीचं सांगतो. सगळ्या गल्लीच्या कंदिलांना चाव्या करणाऱ्या या माणसाच्या घरात कंदील नव्हता. दिवेलागणीला गल्लीभर उजेड व्हायचा आणि मल्लाप्पांचं घर तेवढं काळं राहायचं. पण आत वावर चालू असायचा. कडी वाजायची. कुणीतरी भांडं ठेवायचं. पावलं इकडून तिकडे जायची, भरभर, कुठंही न अडखळता. एवढ्या अंधारात न धडपडता चालणारं माणूस म्हणजे माणूस नव्हेच, असं माझं मत झालं. शिवाय अधूनमधून कानडीत कुणीतरी हसायचं.

गल्लीत कुणी म्हणे, मल्लाप्पांनी काहीतरी पाळलंय. देवळातल्या एका म्हाताऱ्या पुजाऱ्याचा अंगठा त्यांनी एकदा मध्येच सोडून दिला होता, न बोलता. पुजारी त्याच महिन्यात गेला. तो इतका थकलेला होता की अंगठा कुणीही सोडला असता तरी गेलाच असता, असं मी दिवसा स्वतःला समजावायचो. संध्याकाळी ते पटत नसे. मी खाट भिंतीपासून लांब ओढली. मग वाटलं, आपण घाबरलो हे भिंतीपलीकडे कळलं असेल. म्हणून परत लावली.

पुढं दिवस वाईट आले. बंदुका घेऊन घोड्यांवरून टोळ्या हिंडायला लागल्या. आजूबाजूच्या खेड्यांतून धूर दिसायचा. लोक हद्द ओलांडून सोलापूरकडे निघाले. आमची गल्ली एकेक घर करून रिकामी झाली. कुलपं, बंद दारं, ओसरीवर विसरलेली पायताणं, आणि या सगळ्यात मल्लाप्पांच्या पितळेचं ते किंचाळणं.

"मल्लाप्पा, निघायचं बघा की," मी म्हणायचो.

"इल्ला मुन्शी. गिऱ्हाइकाचं काम हातात हाय."

"गिऱ्हाईक? गल्लीत कुत्रं नाही राहिलं!"

"हाय एक. त्येला डोळं न्हाईत."

मी घरी येऊन दाराला आतून खाट लावली.

शेवटी जळकोटहून माझ्या मामांनी मला सोलापूरला पोचवायला बैलगाडी पाठवली. गाडीवान सांगत आला, हीच शेवटची. टोळी नळदुर्गाच्या बाजूला आलीय, उद्या रस्ता राहील न राहील. मी पेटी गाडीत टाकली आणि मल्लाप्पांना ओढून काढायचं म्हणून त्यांच्याकडे गेलो. सूर्य बुडत होता. खराद थांबलेला, दुकानात कुणी नाही. आतलं दार उघडं होतं.

"मल्लाप्पा?" आत शिरलो. पुढचं पाऊल कुठं पडतंय ते दिसेना. हात भिंतीला लावला तर मुठीसारखं वाटोळं, पितळेचं गार बोंड लागलं, अंगावर दाणा असलेलं. पुढं आणखी एक, सरळ रेघांचं. मग तिरक्या रेघांचं. भिंतभर बोंडं ठोकलेली होती. मी त्यांच्या आधारानं सरकत होतो आणि एका बोंडानं माझा हात धरला.

ते बोंड नव्हतं. हात होता. गार, कोरडा. त्यानं माझा अंगठा चिमटीत पकडला आणि हळूहळू चोळायला लागला.

माझ्या तोंडून रामाचं नाव निघायला हवं होतं. पण भूत निजामाच्या हद्दीतलं, उर्दूच समजत असेल, अशा हिशेबानं मी वाकून म्हणालो, "आदाब."

अंधार खळखळून हसला.

"तपकीरवाले मुन्शी व्हय?" बाईचा आवाज होता. "बसा की. पाट उजव्या अंगाला हाय."

त्या मल्लाप्पांच्या बायको, गंगव्वा. लग्नानंतर, कोवळ्या वयातच देवीच्या साथीत डोळे गेले, चेहरा फुटला. तेव्हापासून त्या बाहेर पडल्या नव्हत्या, आणि बायकोला नाही तर आपल्याला तरी दिवा कशाला, म्हणून मल्लाप्पांनी घरात दिवा लावणं सोडलं होतं. सरळ रेघांचं बोंड म्हणजे पाण्याचा माठ, तिरक्या रेघांचं म्हणजे चूल, हिऱ्याच्या दाण्याचं म्हणजे दार. भिंत बोटांनी वाचत त्या चालत. त्यांनी गळ्यातली पितळी मण्यांची माळ माझ्या हातात दिली. गल्लीतल्या एकेका माणसाचा अंगठा मल्लाप्पा रोज चोळून यायचे आणि तसा दाणा मण्यावर पाडून बायकोला आणून द्यायचे. ती माळ म्हणजे गंगव्वांची गल्ली. त्यात मीही होतो.

"तुमचा मणी लई गुळगुळीत," त्या म्हणाल्या. "दाणाच धरंना म्हणत हुते."

मला तपकिरीचीही चिमूट घेववेना. म्हणालो, "गंगव्वा, गाडी उभी आहे. ते कुणा गिऱ्हाइकाचं काम म्हणतात..."

"मीच त्ये गिऱ्हाईक. जाऊ तिथल्या नव्या घरात भिंतीला लावायला बोंडं करायलेत. ती झाल्याबिगर मला हलवायचे न्हाईत. मी तिथं हरवंन म्हंत्यात."

"मग?"

त्या जवळ सरकल्या. "मला बोंडं लागत न्हाईत, मुन्शी. लई वरसं झाली. पावलाच्या आवाजावरनं मला भिंत कळती. नवं घरबी एका दिसात कळंल."

"अहो, मग सांगा की त्यांना!"

"अन् मग त्येंनी काय करायचं?" त्या म्हणाल्या. "माझं डोळं गेलं तवा हे वेडं व्हायच्या बेतात हुते. दाणा पाडाय लागले अन् जेवाय लागले. सांगितलं तर हात थांबंल त्येंचा."

एवढ्यात मल्लाप्पा तेलाची बुधली घेऊन आले. अंधारातच म्हणाले, "कोण? मुन्शी? तपकिरीचा वास आला." मी गाडीचं सांगितलं. ते ऐकेनात. अजून दाराचं बोंड बाकी, उंबऱ्याचं बाकी. टोळीचं नाव काढलं तरी "इल्ला!" माझ्या जिभेवर ती गोष्ट अगदी आली होती. पोटात काही न राहणारा म्हणून मी कचेरीत प्रसिद्ध. गंगव्वांनी अंधारात माझा अंगठा करकचून दाबला.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "न बघितलेल्या दाराला दाणा कसा धरणार? खराद गाडीत घाला. तिथं भिंतीला हात लावून करा की."

मल्लाप्पांनी बुधली खाली ठेवली. मग म्हणाले, "हौदु. ह्ये खरं." आणि खराद सोडायला बसले.

खरादाला जागा हवी म्हणून माझी पेटी खाली उतरली, कचेरीच्या शेरवानीसकट. आम्ही रस्ता सोडून रानातून गेलो. मागे कुठंतरी आभाळ लाल होतं. गंगव्वा गाडीत ताठ बसून कान देत होत्या आणि कुठं घोडे आहेत ते गाडीवानाला आधी सांगत होत्या. आम्ही पोचलो ते त्यांच्यामुळंच.

सोलापुरात एका कापडवाल्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्या. मल्लाप्पा दारात नुसते उभे राहिले. नव्या भिंती, बोंडं अर्धीच, हात लोंबकळत सोडलेले. त्यांचा चेहरा मला बघवेना. गंगव्वा आत गेल्या. जीभ टाळूला लावून त्यांनी एकदा आवाज काढला, मान वळवून ऐकला आणि मधल्या दारातून सरळ पलीकडच्या खोलीत गेल्या, कुठंही न चाचपडता. मल्लाप्पा तेव्हा खाली वाकून खरादाची दोरी सोडत होते. मी एकट्यानंच ते पाहिलं.

त्या तशाच परत आल्या. चौकटीशी थांबल्या, लाकडावरून बोट फिरवलं, एक पाऊल मागं घेतलं आणि खांदा दाणकन चौकटीवर आपटून घेतला.

"अगं आई गं! अहो, हितं काय बी न्हाय की भिंतीला! कसं चालू मी?"

"थांब, थांब, हलू नको!" मल्लाप्पा धावले. त्यांनी चौकट चाचपली, डोळे मिटून, वरपासून खालपर्यंत. मग लगबगीनं खराद भिंतीला टेकवला, पितळेची कांडी काढली आणि मला म्हणाले, "मुन्शी, तेल द्या. लौकर. हिला लागलंय."

गंगव्वा खांदा चोळत खाली बसल्या आणि पितळ किंचाळायला लागलं तसा त्यांनी चेहरा आवाजाकडं वळवला.